लाखाला पाच महिने

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीतल्या एका इंजिनिअरिंग कंपनीत मी जून १९९४ पासून आहे, सध्या मशीन शॉपला सुपरवायझर. मे २०२६ अखेर ५८ पूर्ण होऊन निवृत्त होतोय. बेसिक आणि डी.ए. मिळून ३८,००० आहे. फंडाच्या पासबुकात ३१ लाख दिसतात, रजेचे १ लाख ६० हजार होतील, एका सहकारी बँकेत ६ लाखांची ठेव आहे. ग्रॅच्युइटी किती बसेल ते अजून कुणी सांगितलेलं नाही. पेन्शन सात हजारांच्या वर जाईल असं कंपनीतले लोक म्हणतात. शामरावनगरला स्वतःचं घर आहे, वरच्या दोन खोल्या रिकाम्या पडल्यात. मिरज तालुक्यात १ एकर ऊस आहे, खर्च वजा जाता वर्षाला सत्तर हजार सुटतात. घरखर्च महिना ३०,०००. पत्नी ५३ वर्षांची, मला शुगर आहे. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. तो फ्लॅटसाठी १० लाख मागतोय आणि कर्जाला जामीन राहा म्हणतोय. मुलीचं लग्न दोन वर्षांत करायचंय, १२ लाख धरलेत. एक पतसंस्था साडेदहा टक्के देतेय, चेअरमन ओळखीचे आहेत. मेव्हणा विम्याची पॉलिसी काढा म्हणतो. सगळे पैसे पतसंस्थेत टाकून व्याजावर राहावं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर :

सप्रेम नमस्कार. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो : नाही, सगळे पैसे पतसंस्थेत टाकू नका. त्याची कारणं पुढे येतीलच. पण तुमच्या पत्रात व्याजाच्या दराची जेवढी चर्चा आहे, तेवढी एका दुसऱ्या आकड्याची नाही. हे पैसे किती वर्षं पुरायला हवेत, हा तो आकडा. तुमच्या पत्नी ५३ वर्षांच्या आहेत. त्या ८५ पर्यंत जगतील असं धरलं तर हे पैसे ३२ वर्षं पुरायला हवेत. तुम्ही नोकरी केलीत तितकीच वर्षं.

आधी जमेची बाजू नीट मांडू. ग्रॅच्युइटीचं सूत्र सोपं आहे : शेवटचा बेसिक-डी.ए. गुणिले १५, भागिले २६, गुणिले नोकरीची वर्षं. ३८,००० आणि ३२ वर्षं धरून ७,०१,५३८ रुपये होतात. कंपनीच्या हिशोबात यापेक्षा कमी आकडा आला तर वर्षं कमी धरलीत की डी.ए. सोडून दिलाय, ते विचारा. गडबड बहुतेक या दोनपैकी एका जागी असते. ही रक्कम निवृत्तीनंतर ३० दिवसांत मिळायला हवी. फंड, ग्रॅच्युइटी आणि रजेचे पैसे, तिन्हींवर तुम्हाला आयकर लागणार नाही.

पेन्शनबाबत मात्र तुमची निराशा होणार आहे, आणि ती आजच झालेली बरी. सात हजारांचा आकडा कुठून येतो ते पाहा. १५,००० गुणिले ३३ वर्षं, भागिले ७०, म्हणजे ७,०७१. कंपनीत सगळे असाच हिशोब करतात. पण पेन्शनसाठी पगाराची कमाल मर्यादा १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० झाली, त्याआधी ती ६,५०० होती. नियमाप्रमाणे आधीच्या वर्षांना ६,५०० लागतात आणि नंतरच्या वर्षांना १५,०००. ही पेन्शन योजनाच नोव्हेंबर १९९५ ला सुरू झाली. तेव्हापासून ऑगस्ट २०१४ पर्यंतच्या पावणेएकोणीस वर्षांचे साधारण १,७५० आणि पुढच्या पावणेबारा वर्षांचे २,५००. वीस वर्षांवर नोकरी झाल्याबद्दल मिळणारी दोन वर्षांची वाढ आणि १९९५ आधीची थोडी रक्कम त्यात मिळवली तरी आकडा ४,७०० च्या आसपास थांबतो. या पेन्शनला महागाई भत्ता नाही. आज ४,७००, वीस वर्षांनीही ४,७००.

पेन्शन ६० पर्यंत लांबवली तर दर वर्षाला ४ टक्के वाढून मिळते, असंही कुणी सांगितलं असेल. ते खरं आहे, पण तुम्ही लांबवू नका. दोन वर्षांत १ लाख १२ हजार सोडून द्यावे लागतील आणि त्या बदल्यात महिन्याला ३८० रुपये जास्त मिळतील. सोडलेले पैसे भरून यायला २४ वर्षं लागतात.

फंड ३१, ग्रॅच्युइटी ७, रजा १.६, ठेव ६. एकूण ४५ लाख ६० हजार. यातून मुलीच्या लग्नाला ५ लाख आणि निवृत्तीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांसाठी रजेचे १ लाख ६० हजार बाजूला काढले, तर आयुष्यभरासाठी ३९ लाख उरतात. खर्च महिना ३०,०००, शिवाय आरोग्य विम्याचे वर्षाला ४५,००० धरले. पेन्शन आणि ऊस त्यातून वजा केले. पैशावर सरासरी ८ टक्के सुटतात आणि खर्च दरवर्षी ६ टक्क्यांनी वाढतो असं मानलं. तर हे ३९ लाख साधारण साडेपंधरा वर्षं पुरतात. म्हणजे तुम्ही ७३ वर्षांचे आणि तुमच्या पत्नी ६९ च्या होईपर्यंत.

आता मुलाला १० लाख देऊन हाच हिशोब करा. २९ लाख उरतात आणि ते ११ वर्षांत संपतात. तेव्हा तुमच्या पत्नी ६४ वर्षांच्या असतील. दहा लाखांनी चार वर्षांहून जास्त काळ गेला, म्हणजे एका लाखाला जेमतेम पाच महिने. हे माप कागदावर लिहून कपाटाच्या आत चिकटवा. लग्नात बारा लाख घातले तर वाढीव सात लाखांची किंमत तीन वर्षांचा घरखर्च आहे. हॉल मोठा घ्यायचा की जेवणात दोन पदार्थ वाढवायचे, हे ठरवताना घरातल्या सगळ्यांना ती किंमत माहीत असावी. मग पाच लाखांत नीटनेटकं कार्य करणं कुणाला कमीपणाचं वाटणार नाही.

हेच माप उलट्या बाजूनेही चालतं, आणि खरा दिलासा तिथे आहे. वरच्या दोन खोल्या भाड्याने द्या. शामरावनगरात महिना ५,००० भाडं धरलं आणि ते महागाईबरोबर वाढत गेलं, तर ३९ लाख साडेपंधराऐवजी वीस वर्षं पुरतात. मशीन शॉपचा बत्तीस वर्षांचा हात असलेल्या माणसाला कुपवाड, मिरज, माधवनगरच्या लहान वर्कशॉपमध्ये अर्धा दिवस काम मिळतं. महिना १२,००० वर चार वर्षं केलंत तर आणखी तीन वर्षं वाढतात, एकूण तेवीस. भाडं आणि हे काम मिळून पहिली चार वर्षं सालाला दोन लाख चार हजार येतात. पतसंस्थेचा जास्तीचा दर (पुढे सांगतो त्या सरकारी योजनेच्या ८.२ टक्क्यांच्या तुलनेत) ३० लाखांवर वर्षाला फक्त ६९,००० जास्त देतो, तोही सगळं सुरळीत चाललं तर. तुम्ही दरात शोधताय ते उत्पन्न तुमच्या माडीवर आणि तुमच्या हातात आहे.

तेवीस वर्षांनी तुमच्या पत्नी ७६ वर्षांच्या असतील. त्यापुढचा आधार म्हणजे घर आणि एक एकर जमीन. म्हणूनच आज जमीन विकून मुलाला पैसे देण्याचा विषय निघाला, तर तोही नको.

मुलाला काय सांगायचं, हा तुमच्या पत्रातला सगळ्यात अवघड भाग आहे हे कळतं. त्याच्यासमोर हा कागद ठेवा आणि वर्षं मोजून दाखवा. त्याचं वय कमी आहे, पगार वाढत जाणार आहे. फ्लॅट दोन वर्षं पुढे ढकलता येतो, लहान घेता येतो. तुमचा फंड पुन्हा जमा होणार नाही. आज नाही म्हणणं कठीण वाटतंय, पण ६९ व्या वर्षी दर महिन्याला त्याच्याकडे हात पसरणं तुम्हा दोघांनाही जास्त जड जाईल. आणि जामीन तर अजिबात राहू नका. भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. हप्ते थकले तर बँक आधी मुलाकडून वसूल करून मगच तुमच्याकडे येईल, असं काही नाही. पुण्यातली नोकरी गेली की पहिली नोटीस शामरावनगरच्या पत्त्यावर येऊ शकते.

आता पैसे कुठे ठेवायचे ते.

३० लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवा. पोस्टात किंवा राष्ट्रीयीकृत बँकेत खातं उघडतं. एप्रिल २०२३ पासून दर ८.२ टक्के आहे आणि भरता त्या दिवशीचा दर पाचही वर्षं कायम राहतो. २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर (ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ६.५० वरून ५.२५ पर्यंत खाली आणला, त्यामागोमाग बँकांच्या ठेवींचे दरही उतरले. अशा वेळी पाच वर्षं बांधलेला ८.२ टक्के आणि मागे केंद्र सरकारची हमी, याला तोड नाही. ३० लाखांवर तिमाहीला ६१,५०० मिळतात, म्हणजे महिन्याला २०,५००.

इथे तुम्हाला तीन गोष्टी सांभाळायच्या आहेत. योजना ६० वर्षांवरच्यांसाठी आहे. तुम्ही ५८ ला निवृत्त होताय, त्यामुळे ‘५५ ते ६०’ या सवलतीतून तुम्हाला प्रवेश मिळतो. पण निवृत्तीचे पैसे हातात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत ते भरावे लागतात. ही मुदत चुकली की ६० पूर्ण होईपर्यंत दार बंद. ‘बघू, लग्न झाल्यावर ठरवू’ म्हणत ठेव बँकेत पडून राहते आणि इथेच चूक होते. फंड आणि ग्रॅच्युइटी वेगवेगळ्या तारखांना आले तर प्रत्येक रकमेची मुदत वेगळी मोजली जाते. निवृत्तीची तारीख, कारण आणि मिळालेल्या रकमा लिहिलेला दाखला कंपनीच्या लेटरहेडवर आत्ताच मागून ठेवा. मे महिन्यानंतर एच.आर.च्या दारात उभं राहणं वेगळं असतं. त्या सहकारी बँकेतले ६ लाख मात्र या सवलतीत चालणार नाहीत. ६० च्या आत फक्त निवृत्तीच्या लाभाचेच पैसे भरता येतात.

दुसरी गोष्ट, ३० लाखांचं एकच खातं उघडू नका. १५, १० आणि ५ अशी तीन उघडा. या खात्यातून थोडे पैसे काढता येत नाहीत. काढायचे तर पूर्ण खातं बंद करावं लागतं. वर्षाच्या आत बंद केलं तर व्याज मिळत नाही, दिलेलं असेल तर मुद्दलातून वळतं करून घेतात. पहिल्या आणि दुसऱ्या वर्षाच्या दरम्यान दीड टक्का कापतात, त्यानंतर एक टक्का. अडचणीला चार लाख हवे असतील तर पाच लाखांचं खातं मोडून ७,५०० चं नुकसान सोसता येतं. तीस लाखांचं एकच खातं मोडलं तर ४५,००० जातात आणि वर ८.२ टक्क्यांचा दरही हातचा जातो.

तिसरी गोष्ट व्याजाच्या तारखांची. व्याज १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर आणि १ जानेवारीला जमा होतं. न काढता खात्यात ठेवलं तर त्यावर पुन्हा व्याज नाही, म्हणून ते थेट बचत खात्यात वळतं करून घ्या. तुमचे पैसे समजा जुलैत भरले गेले, तर पहिलं व्याज १ ऑक्टोबरला येईल. शेवटचा पगार मेचा. मधले चार महिने चूल कशावर पेटायची? रजेचे १ लाख ६० हजार मी वर बाजूला काढायला सांगितले ते यासाठीच.

पत्नीला या खात्यात संयुक्त धारक म्हणून घाला, तिथे वयाची अट नाही. तुमच्या पश्चात, त्या वेळी त्या योजनेच्या पात्रतेत बसत असतील तर, त्यांना तेच खातं त्याच दराने मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं. पाच वर्षं झाली की खातं तीन-तीन वर्षांनी वाढवता येतं, त्या वेळच्या दराने.

पोस्टाची मासिक प्राप्ती योजना ७.४ टक्के देते. ज्येष्ठांच्या योजनेत जागा शिल्लक असताना तिकडे जायचं कारण नाही.

पतसंस्थेचं आता. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं ५ लाखांपर्यंत संरक्षण असतं, मुद्दल आणि व्याज मिळून. पतसंस्थेच्या ठेवीला ते नसतं. पाटी ‘शासनमान्य’ असो, इमारत तीन मजली असो, नियम तोच. पतसंस्था अडचणीत आली की पैसे परत मिळणं कर्जवसुलीवर अवलंबून राहतं आणि ती वसुली वर्षानुवर्षं चालते. साडेदहा आणि ८.२ मधला फरक ६९,०००. त्यासाठी ३० लाख पणाला लागतात. मुद्दल बुडालं तर त्या फरकाने ते भरून यायला ४३ वर्षं लागतील. चेअरमन ओळखीचे आहेत ही गोष्ट चांगली आहे, पण तुमचे पैसे कर्ज म्हणून ज्यांना दिले जातात ते तुमच्या ओळखीचे नाहीत. संबंध राखण्यासाठी काही ठेवायचंच असेल तर पन्नास हजारांपुढे जाऊ नका. तेही वार्षिक अहवाल मागून घेतल्यावर. त्यात ऑडिटचा वर्ग, थकबाकीची टक्केवारी आणि एकूण ठेवींपैकी किती रक्कम कर्जात गेली आहे, एवढं बघा. अहवाल द्यायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

सहकारी बँकेतल्या ६ लाखांचंही थोडं हलवाहलव करा. संरक्षण ५ लाखांना आहे, तेही त्या बँकेतल्या तुमच्या सगळ्या शाखांमधल्या ठेवी एकत्र धरून. कराड जनता सहकारी बँकेचं उदाहरण शेजारच्या जिल्ह्यातलं आहे. तिथे नोव्हेंबर २०१७ पासून निर्बंध होते आणि डिसेंबर २०२० मध्ये परवाना रद्द झाला. मधली तीन वर्षं लोकांचे पैसे अडकून होते. तोवर विम्याची मर्यादा १ लाखाची ५ लाख झाली होती (४ फेब्रुवारी २०२० पासून), म्हणून बहुसंख्य ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळू शकली. २०२१ च्या दुरुस्तीनंतर निर्बंध लागल्यावर ९० दिवसांत विम्याची रक्कम देण्याची तरतूद झाली आहे. तरी पाच लाखांवरच्या रकमेला आधार नाहीच. सहापैकी ३ लाख अडीअडचणीसाठी एका बँकेत राहू द्या. उरलेले ३ लाख आणि ग्रॅच्युइटी-फंडातून २ लाख असे लग्नाचे ५ लाख दुसऱ्या बँकेत पत्नीच्या नावाने ठेवा. मुदत लग्नाच्या महिन्याच्या थोडी आधी संपेल अशी घ्या.

राहिले ६ लाख. हे दहा वर्षांनंतरचे पैसे आहेत, तोवर त्यांना हात लावायचा नाही. ३० लाखांचं व्याज वाढत नाही, पेन्शन वाढत नाही, पण आजचा ३०,००० चा खर्च ६ टक्के महागाईने दहा वर्षांत ५३,७०० आणि वीस वर्षांत ९६,२०० होतो. वाढणारं काहीतरी गाठीशी हवं, म्हणून हे हायब्रीड म्युच्युअल फंडात, म्हणजे काही पैसे शेअरमध्ये आणि काही रोख्यांत गुंतवणाऱ्या फंडात जाऊ देत. पण एका दिवशी सगळे नकोत. लिक्विड फंडात (अगदी कमी मुदतीच्या रोख्यांत पैसे ठेवणारा फंड) ६ लाख ठेवून दरमहा २५,००० हायब्रीड फंडात वळते होतील अशी सूचना द्या, चोवीस महिन्यांत काम होईल. जानेवारी ते मार्च २०२० या काळात निफ्टी एक तृतीयांशाहून जास्त घसरला होता, आणि तसं पुन्हा होईल. तेव्हा घाबरून काढलेत तर नुकसान कायमचं होतं. तुमचं मन त्याला तयार नसेल तर सहाऐवजी तीनच लाख टाका, उरलेले बँकेत ठेवा. व्हॉट्सअ‍ॅप-टेलिग्रामवर शेअरचे ‘कॉल’ देणारे ग्रुप निवृत्तीच्या सुमाराला बरोबर माणूस शोधत येतात. त्यांच्या लिंकवरून एक रुपयाही पाठवू नका.

मेव्हण्याला नाही म्हणा, प्रेमाने. विमा कमावत्या माणसाच्या मागे राहणाऱ्यांसाठी असतो. निवृत्तीनंतर दरवर्षी लाखोंचा हप्ता भरून सात-आठ वर्षांनी ‘गॅरंटीड’ रक्कम घेण्यात तुमचं उत्पन्न अडकून पडतं आणि मधेच सोडली तर भरलेलंही पूर्ण परत येत नाही. नात्यापोटी सही आधीच झाली असेल, तर पॉलिसी हातात पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. तहहयात पेन्शन देणाऱ्या पॉलिसीचा विचार तुम्ही सत्तरीला आलात की करा, पत्नीच्या नावासह. जितक्या उशिरा घ्याल तितका दर चांगला मिळतो.

आरोग्य विमा मात्र आजच हातात घ्या. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम निवृत्तीच्या दिवशी संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्यासाठी अर्ज करता येतो. तसं केलं तर ग्रुपमध्ये काढलेली वर्षं प्रतीक्षा कालावधीत धरली जातात. अर्ज ग्रुपची मुदत संपण्याच्या पुरेसा आधी द्यायचा, तुमच्यासाठी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात दिलेला बरा. नवी पॉलिसी घेतली तर आधीच्या आजारांसाठी जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं. फॉर्मवर शुगर लिहा, गोळ्यांची नावं लिहा. एजंट ‘नका लिहू, हप्ता वाढेल’ म्हणाला तरी लिहा. मिरजेत मोठे दवाखाने दारात आहेत, पण लपवलेल्या आजारावर क्लेम नाकारला गेला की बिल तुमच्या ३० लाखांतून जातं. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावर जीएसटी नाही, तेवढा हप्ता हलका झालाय. हा हप्ता आणि सणवार उसाच्या पैशातून करा. ऊस बिल कधी पडेल याचा नेम नसतो, म्हणून महिन्याच्या खर्चात ते धरायचं नाही.

शामरावनगरात पाणी येतं हे तुम्हाला सांगायला नको. २०१९ आणि २०२१ नंतर घराचा विमा ही चैन राहिलेली नाही. भारत गृह रक्षा या नावाची पॉलिसी सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. त्यात पुराचं संरक्षण धरलेलं असतं, आणि घराच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत (कमाल १० लाख) सामानालाही. भाडेकरू ठेवलात तर ते पॉलिसीत नोंदवा. ठेवींच्या पावत्या, पासबुकं, सातबारा यांच्या प्रती डिजिलॉकरमध्ये आणि पुण्याला मुलाकडे ठेवा. मूळ कागद वरच्या मजल्यावर.

मेपर्यंत तुमच्याकडे जे काम आहे ते कागदांचं. फंडाचा अर्ज अडतो तो बहुतेक नावाच्या स्पेलिंगवर : आधारवर एक, फंडाच्या खात्यात दुसरं. जन्मतारीख, वडिलांचं नाव, नोकरीला लागल्याची तारीख आणि बँक खातं, हे सगळं आत्ताच ताडून पाहा. फरक असेल तर कंपनीमार्फत जॉइंट डिक्लरेशन (तुमचा आणि कंपनीचा दुरुस्तीचा एकत्रित अर्ज) भरा, दुरुस्तीला महिने लागू शकतात. निवृत्तीनंतर कंपनीने ‘डेट ऑफ एक्झिट’ भरली आहे का ते बघा, नाहीतर अर्जच पुढे सरकत नाही. फंडासाठी फॉर्म १९, पेन्शनसाठी १०डी. पैसे यायला थोडा उशीर झाला तरी फंडावर व्याज चालू राहतं, त्यामुळे घाईघाईत चुकीचा अर्ज टाकू नका.

आयकराबाबत काळजी नको. तुमचं सगळं व्याज आणि पेन्शन मिळून नव्या करप्रणालीतल्या ४ लाखांच्या आत बसतं. फक्त टीडीएस कापला जाऊ नये म्हणून दर एप्रिलला पोस्टात आणि बँकेत स्वघोषणापत्र द्या. लोक ज्याला १५जी आणि १५एच म्हणतात तेच.

शेवटचं पत्नीबद्दल. तुमच्या पश्चात त्यांना तुमच्या पेन्शनच्या निम्मी, म्हणजे साधारण २,३५० मिळेल. त्यासाठी १०डी बरोबर दोघांचा एकत्र फोटो लागतो आणि त्यांचं नाव आधारप्रमाणे हवं. बचत खातं ‘दोघांपैकी कुणीही किंवा हयात असेल तो’ असं करून घ्या. सगळ्या ठेवींवर नॉमिनेशन लावा, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. घर आणि जमीन पत्नीच्या ताब्यात राहावी असं वाटत असेल, तर मृत्युपत्र करून दुय्यम निबंधकाकडे नोंदवा. आणि पहिलं तिमाही व्याज काढायला पोस्टात जाल, तेव्हा स्लिप त्यांना भरू द्या.